ह्वांगांच्या भुवया

सांगगिलकाकाने सकाळपासून टोपी काढली नव्हती, हे इनसोपने पाहिलं होतं. त्याचा अर्थ मात्र त्याने लावला नाही. सप्टेंबरचं ऊन होतं, डोंगर चढायचा होता, आणि काका देगू शहरातल्या शोरूममध्ये मोटारी विकायचा. वर्षभर गारव्यात उभ्या राहणाऱ्या माणसाने उन्हात टोपी घातली तर त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. फक्त टोपी नवी होती आणि जरा जास्तच खाली ओढलेली होती. गाडीतून उतरून त्याने वहिनीला वाकून नमस्कार केला, तेव्हाही टोपीच्या कडेला नुसती दोन बोटं लावली.

चुसोकच्या सणाआधी पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायला ह्वांग घराण्याचे पुरुष दर वर्षी जमत. एके काळी या वाटेवर माणसांची रांग लागायची म्हणतात. यंदा चौघे होते. पुढे ब्योंगदू आजोबा, इनसोपच्या वारलेल्या आजोबांचे धाकटे भाऊ, सत्त्याहत्तरी उलटलेले, तरी चढावर कुणाला पुढे जाऊ न देणारे. त्यांच्या मागे इनसोपचे वडील सांगबोम, दोन्ही खांद्यांवर एकेक यांत्रिक कटर. मग काका. सगळ्यात मागे दारूची बाटली, सुका मासा आणि सफरचंदं घेऊन इनसोप.

"एक कटर सांगगिलला दे," वर पोचल्यावर आजोबा म्हणाले. "घुमटावर इनसोप विळा चालवेल. कटरने माती उडते. याचा हात हलका आहे."

"हात हलका आहे हीच तर सगळी पंचाईत आहे," काका म्हणाला.

"तू गप. तुझा हात फक्त बाटलीवर हलका आहे."

मातीच्या हिरव्या घुमटावर गुडघे टेकून इनसोप विळा फिरवू लागला. आजोबा सावलीत बसून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, जसं काही आत्ताच आठवलं, "सोमवारी काय आहे म्हणे तुझं? कुणाचं तोंड धुणार आहेस?"

"परीक्षा आहे आजोबा. त्वचेच्या कामाची. प्रात्यक्षिक."

"प्रात्यक्षिक." आजोबांनी वरच्या थडग्याकडे हनुवटी केली. "तिथे झोपलाय त्याने राजाच्या दरबारची परीक्षा दिली होती. थोरल्या पातीचा वारस बायकांची तोंडं पुसतो हे त्याला कळलं ना, तर घुमट फोडून बाहेर येईल."

"येऊ द्या की," काका म्हणाला. "इतकी वर्षं मातीत आहे. त्वचेचं काय झालं असेल बघा. इनसोपच सांगेल काय लावायचं ते."

इनसोपला हसू आलं. त्याने वडिलांकडे पाहिलं. सांगबोमने त्याच क्षणी दुसऱ्या कटरची दोरी ओढली, आणि त्या आवाजात कुणालाच काही बोलायची गरज उरली नाही.

त्या घरात अलीकडे बरीच संभाषणं अशीच संपत. सरकारी कारकुनाच्या परीक्षेत इनसोप तीनदा नापास झाला होता. तिसऱ्या वेळेनंतर तो देगूला गेला तो परत आला नाही, आणि काही महिन्यांनी आईला कळलं की तो एका शिकवणीत चेहऱ्याला मालीश करायला शिकतोय. तिथे तो आणि आणखी एक मुलगा सोडला तर सगळ्या बायका होत्या. लेखी परीक्षा तो पहिल्याच खेपेला पास झाला. प्रात्यक्षिक एकदा हुकलं. लेखीचा निकाल ठरावीक मुदतीपुरताच चालतो आणि ती मुदत आता संपत आली होती. सोमवारी हुकलं तर सगळं पहिल्यापासून. ज्या पार्लरच्या बाईंनी त्याला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं, त्या तितकं थांबणार नव्हत्या. वडीलही थांबणार नव्हते. त्यांनी उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं: या खेपेला झालं नाही तर घरी यायचं आणि सफरचंदाची बाग बघायची.

प्रात्यक्षिकाला ज्याच्या चेहऱ्यावर काम करायचं तो माणूस परीक्षार्थ्याने स्वतः आणायचा असतो. बाईने बाई आणायची, पुरुषाने पुरुष. वसंतात दोन पेले पोटात गेल्यावर सांगगिलकाका म्हणाला होता, "मी आहे ना." आणि शब्दाला जागला होता. सरावासाठी तो बऱ्याच रविवारी शिकवणीच्या पलंगावर आडवा झाला होता आणि दर वेळी घोरला होता.

गवत कापून झालं. पणजोबांच्या थडग्यापुढे सांगबोमने चटई अंथरली, मासा आणि सफरचंदं मांडली, पेल्यात दारू ओतली. चौघे ओळीत उभे राहिले.

"टोपी," ब्योंगदू आजोबा म्हणाले.

काका हलला नाही.

"सांगगिल. टोपी."

"डोक्याला जरा वारा बाधतो काका. परवापासून."

"पूर्वजांपुढे टोपी घालून वाकणार तू?"

सांगगिलने टोपी काढली.

कपाळाखाली दोन भुवया होत्या. त्याच्या नव्हत्या. काळ्याभोर, एकसारख्या, कडा पट्टीने आखल्यासारख्या, आणि त्यांच्यावर बारीक खपल्या धरायला लागलेल्या. त्यामुळे तो कायमचा जरा रागावलेला आणि जरा चकित झालेला दिसत होता. पण आधी नमस्कार उरकायला हवा होता. चौघे दोनदा गुडघ्यांवर बसून कपाळ टेकून उठले. सांगबोमने पेला घुमटाच्या कडेने ओतला. मग आजोबा काकाकडे वळले.

"हे काय आहे?"

"गोंदून घेतल्या."

"का?"

"सोमवारसाठी." काका इनसोपकडे बघत होता, शाबासकीची वाट बघितल्यासारखा, पण फार खात्री नसलेला. "म्हटलं, परीक्षकांसमोर पडायचं, तर माणूस जरा बरा दिसावा. तुझी काकू म्हणाली आमच्या खालीच एक बाई करते. पायाचे केस पण काढून घेतले. म्हटलं तेवढंच तुझं काम कमी."

इनसोपने निघायचं म्हणून विळा उचलला होता. तो त्याने गवतावर ठेवला.

"काका, भुवया मी कोरायच्या असतात. तिथे. परीक्षकांसमोर. पायाचे केसही मीच काढायचे. त्याचेच तर गुण असतात."

"हे तू आधी सांगायला नको?"

"दर रविवारी सांगत होतो."

"मग तेव्हा मी झोपलेलो असेन," सांगगिल म्हणाला.

* * *

इनसोपच्या आईने, जोंगनानने, सकाळीच ओळखलं होतं की दिराने टोपीखाली काहीतरी लपवलंय. तिला वाटलं, भांडणात कुठे लागलं असेल. पुरुष डोंगरावरून खाली आले तेव्हा त्यांच्या चालण्यावरून तिला कळलं की वर काहीतरी झालं आहे, आणि सांगगिल उघड्या डोक्याने समोर आल्यावर काय झालं तेही कळलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं असं तिला नंतर वाटलं, कारण अंगणातल्या लाकडी ओट्यावर सगळे जेवायला बसले तेव्हा हसायची वेळ निघून गेली होती.

तिने शेवयांचे वाडगे मांडले, उकडलेलं डुकराचं मांस कापून ठेवलं, कोबीची आंबट-तिखट किमची ठेवली, तांदळाची दारू ठेवली. सांगगिल एका हाताने खात होता आणि दुसऱ्या हाताने सोमवारसाठी माणूस शोधायला फोन लावत होता.

"शोरूममधला पार्क म्हणतो बायको घराबाहेर काढेल," त्याने फोन ठेवत सांगितलं. "चोईची गोष्ट वेगळी. चोईनेही गोंदून घेतल्यात. आमच्या शोरूममध्ये सगळ्यांनीच घेतल्यात म्हणा. गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो."

"शिकवणीतला तो दुसरा मुलगा?" जोंगनानने इनसोपला विचारलं.

"त्याची पण सोमवारीच परीक्षा आहे आई. त्याचा भाऊ येतोय त्याच्याबरोबर."

"शाळेतले मित्र?"

"कामाचा दिवस. सोलहून कोण येणार."

"गावात?"

गावात सगळ्यात तरुण पुरुष सांगबोम होता, आणि तो छप्पन्नचा होता.

"मी येतो की," ब्योंगदू आजोबा म्हणाले. ते शेवया चोखत होते. "माझ्या भुवयांना कुणी हात लावलेला नाही."

"वयाची अट आहे आजोबा."

"म्हणजे म्हाताऱ्याला तोंड नसतं असं सरकारचं म्हणणं आहे." त्यांनी वाडगा खाली ठेवला. थट्टा संपल्याची ती खूण होती. "बरं, मला एक सांग. त्या माणसाने तिथे जाऊन करायचं काय? नुसतं पडायचं?"

इनसोपने एकदा आईकडे पाहिलं. "चेहरा रंगवून यायचं. तो रंग उतरवणं हे पहिलं काम."

"रंगवून म्हणजे?"

"पावडर, डोळ्यांवरचा रंग. ओठ."

"पुरुषाने?"

"हो."

"ओठ पण?"

"ओठ पण, आजोबा."

आजोबांनी सांगगिलकडे पाहिलं, आणि आता पहिल्यांदा त्यांच्या नजरेत भुवयांबद्दल राग नव्हता, दुसराच काही तरी विचार होता. "आणि तू हे कबूल केलं होतंस? लाली लावून पडायला?"

"पुतण्या आहे माझा," सांगगिल म्हणाला. एवढं बोलून तो थांबायला हवा होता, पण थांबणं त्याला कधी जमलेलं नव्हतं. "मी निदान कबूल तरी केलं काका. भुवया गोंदल्या त्या याच्यासाठीच. इथे काही जण आहेत, त्यांच्या भुवया शाबूत आहेत, वय बसतंय, आणि ते सकाळपासून तोंडातून शब्द काढत नाहीत." तो मोठ्या भावाकडे वळला. "दादा, तू जा की."

सांगबोम मांसाचा तुकडा कोबीच्या पानात गुंडाळत होता. तो त्याने नीट गुंडाळला, तोंडात घातला आणि चावून गिळेपर्यंत सगळ्यांना थांबायला लावलं.

"सोमवारी तोडणी आहे," तो म्हणाला. "मजूर सांगून ठेवलेत."

"तोडणी मंगळवारी कर."

"सणाचा भाव मंगळवारी मिळत नाही."

"बरोबर आहे त्याचं," आजोबा म्हणाले. "आणि बाग नसती तरी थोरल्या पातीचा कर्ता पुरुष लाली लावून देगूच्या रस्त्यावर हिंडणार नाही. सांगगिलची गोष्ट वेगळी. तो मोटारी विकतो."

"मोटारी विकणं म्हणजे काय झालं?" सांगगिलने विचारलं.

"काही नाही झालं. जेव."

जोंगनान उभी होती. तिच्या हातात किमचीचं भांडं होतं. या अंगणात लग्न होऊन आल्यापासून तिने किती वेळा असं उभं राहून या लोकांचं बोलणं संपायची वाट पाहिली असेल, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, तिनेही नाही. मुलाच्या धंद्याबद्दल तिचं स्वतःचं असं काही मत होतं का, हे सांगणं कठीण आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तीही रडली होती. मग एका सुट्टीत त्याने तिला इथेच, या ओट्यावर आडवं केलं आणि तिच्या तोंडाला काहीतरी लावून तो तासभर गप्प बसून काम करत राहिला. तिला आठवत होतं ते मलम नव्हे. तासभर तिला कुणी हाक मारली नव्हती, ते आठवत होतं.

"सोमवारी मी जाते इनसोपबरोबर," ती म्हणाली.

"तुम्ही कशा चालणार वहिनी?" सांगगिल म्हणाला. "पुरुषच लागतो."

"मला पडायचं नाही. परीक्षेच्या फाटकाशी उभी राहीन. येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांना विचारीन. अहो भाऊ, जरा वेळ आहे का, माझ्या मुलासाठी ओठांना लाली लावून पडता का. शंभरातला एखादा हो म्हणेल."

"काहीतरीच," आजोबा म्हणाले. "ह्वांगांची थोरली सून फाटकावर उभी राहून परक्या पुरुषांना विचारणार?"

"मग कोण उभं राहणार काका?" तिचा आवाज वर गेला नव्हता. "ह्वांगांचे पुरुष तर सगळे इथे जेवतायत."

तिने किमचीचं भांडं आजोबांसमोर ठेवलं, अगदी नीट, दोन्ही हातांनी, आणि ती आत गेली. मग आजोबा म्हणाले की त्यांना आता पडायला हवं, आणि काठी घेऊन आपल्या घराकडे गेले. सांगगिलही फार थांबला नाही. गाडीत बसताना त्याने इनसोपचा खांदा धरला.

"मी खरंच चांगल्या मनाने केलं रे."

"माहीत आहे काका."

"वाईट दिसतात का?"

इनसोपने धंद्याच्या नजरेने पाहिलं. "खपल्या काढू नका. पाणी लागू देऊ नका. महिनाभरात रंग जरा उतरेल."

"तू उतरवशील?"

"पास झालो तर," इनसोप म्हणाला.

* * *

सांगबोम नळाशी बसून कटरची पाती धूत होता. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

मुलाच्या कामाची त्याला लाज वाटत होती, असं गावात समजलं जायचं, आणि त्याने ते कधी खोडून काढलं नव्हतं. लाज थोडी असेलही. पण मुख्य गोष्ट ती नव्हती, निदान त्याला तसं वाटत नव्हतं. कारकुनाच्या परीक्षेच्या तिन्ही निकालांच्या दिवशी तो बागेत गेला होता आणि फोन खिशात ठेवून झाडांच्या ओळींतून दिवसभर फिरला होता. तिसऱ्या वेळी फोन आलाच नाही. संध्याकाळी घरी आला तेव्हा जोंगनानने जेवण वाढलं आणि दोघं टीव्ही बघत बसले. त्या दिवसानंतर त्याने मुलाबद्दल आशा करणं थांबवलं होतं. त्यामुळे झोप बरी लागायची. आता पुन्हा एक परीक्षा, पुन्हा एक दिवस. बागेत ये म्हणून त्याने जे सांगितलं होतं, ते बागेला माणूस हवा म्हणून नव्हतं. निकाल लागायचे बंद व्हावेत म्हणून होतं.

तो उठला. अंगणात त्याचा छोटा ट्रक उभा होता. त्याच्या बाजूच्या आरशात त्याने पाहिलं. भुवया त्याने याआधी कधी पाहिल्या नव्हत्या असं नाही, पण त्यांच्याकडे बघायचं म्हणून पाहिलं नव्हतं. दाट होत्या, आणि डावीतले काही केस उभे राहून कपाळाकडे वळले होते. वडिलांच्याही तशाच होत्या. वडिलांच्या फोटोपुढे उभे राहिले की ब्योंगदूकाका हमखास म्हणायचे, भुवया बघा, या ह्वांगांच्या.

इनसोप ओट्यावर पिशवीत टॉवेल भरत होता.

"किती वेळ पडावं लागतं?" सांगबोमने ट्रकजवळूनच विचारलं.

इनसोपला प्रश्न कळायला वेळ लागला. "सगळं धरून दोन-अडीच तास."

"मध्ये बोलायचं असतं?"

"नाही बाबा. मॉडेलने बोलायचं नसतं."

"ते बरं आहे."

तो ओट्याजवळ आला, पण बसला नाही. "माझं मत बदललेलं नाही."

"हो."

"नापास झालास तर घरी यायचं. ठरलंय ते ठरलंय."

"हो बाबा."

"तुझं काम वाईट झालं म्हणून नापास झालास, तर मी समजू शकतो." पुढचं वाक्य जुळवायला त्याला जरा कष्ट पडले. "पण आडवा पडायला घरात माणूस नव्हता म्हणून नापास, हे मला चालणार नाही. तोडणीवर ब्योंगदूकाकांना बघायला सांगतो."

इनसोप काहीतरी बोलणार होता. सांगबोमने हात वर केला. "आत्ताच एकदा करून बघ. कोणी नाहीये तोवर. काय काय होतं ते मला आधी कळू दे."

जोंगनानला हाक मारावी लागली नाही. ती दारातच होती. आतून तिने आपली पावडर आणि डोळ्यांवरचा रंग आणला, आणि एक लालीची कांडी, जी तिने सांगगिलच्या लग्नाला घेतली होती आणि तेव्हापासून फारशी उघडली नव्हती. सांगबोम आडवा झाला. इनसोपने त्याच्या केसांना टॉवेल गुंडाळला. रंगवायचं काम परीक्षार्थ्याचं नसतं, म्हणून ते जोंगनानने केलं.

"ओठ आवळू नका," ती म्हणाली.

"आवळत नाहीये."

"मग हे काय आहे?"

"माझे ओठच असे आहेत. अगं, हसतेस काय?"

"हसत नाहीये. अहो, हलू नका, गालावर गेलं."

"त्या कांडीला वास येतोय."

"जुनी आहे. तुम्ही कुठे नवी आणलीत."

तिने मागे सरून पाहिलं, आणि मग खरंच तोंडावर पदरासारखा एप्रन धरून ती आत निघून गेली. इनसोपने हात धुतले, दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि वडिलांच्या डोक्याशी बसला. याच वेळी फाटकाची कडी वाजली.

ब्योंगदू आजोबा त्यांचा विळा न्यायला परत आले होते. त्यांच्या घरी दुसरे विळे नव्हते असं नाही, पण तो त्यांच्या हाताचा होता.

घराण्यातल्या वडीलधाऱ्या माणसाने अंगणात पाऊल टाकलं की आडवं राहायचं नसतं. सांगबोम उठला. टॉवेल डोक्याला तसाच, डोळ्यांवर निळसर रंग, ओठ लाल, उजवीकडे जरा पसरलेले. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला. "या काका."

आजोबा उभे राहिले. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं, मग इनसोपकडे, मग ओट्यावर ओळीने मांडलेल्या कापसाच्या तुकड्यांकडे.

"सोमवारी," सांगबोम म्हणाला, "तोडणीवर जरा लक्ष ठेवाल का? मला देगूला जायचंय."

आजोबा काठी टेकत ओट्याजवळ आले आणि इनसोपला म्हणाले, "भुवया?"

"आज नाही आजोबा. सोमवारी. परीक्षेतच."

"किती काढणार?"

"कडेच्या. खालच्या बाजूच्या थोड्या. आकार दिसला पाहिजे एवढंच."

"आणि हे?" त्यांनी पुतण्याच्या डाव्या भुवईवर अंगठा ठेवला. उभे राहिलेले केस त्या अंगठ्याखाली क्षणभर दबले आणि पुन्हा वर आले. "हे वळलेले?"

इनसोपने विचार केला. शिकवणीत सांगितलं होतं की असे केस कातरायचे. "परीक्षक बघतील," तो म्हणाला.

"बघू देत. हे ठेव. आमच्या थोरल्या भावाचे पण असेच होते."

"त्याचा अर्धा गुण जाईल, आजोबा."

आजोबांनी अंगठा काढून घेतला. त्यावर पावडर लागली होती. ती त्यांनी विजारीला पुसली. बराच वेळ ते त्या भुवईकडे बघत उभे होते, भाव ठरवताना फळाकडे बघावं तसे.

"मग काप," ते म्हणाले. "पुन्हा येतात केस. गवतासारखेच."

भिंतीला टेकवलेला विळा घेऊन ते निघाले. फाटकाशी थांबून, मागे न वळता म्हणाले, "सांगबोम, आटप लवकर. किमची मागायला शेजारीण येतेय. मी तिला वाटेत थोडी थांबवतो."

बाहेर त्यांचा मोठा आवाज ऐकू आला, यंदा कोबी कसा आहे म्हणून विचारताना. कोबीत त्यांना आयुष्यात कधी रस नव्हता.

सांगबोम पुन्हा आडवा झाला. आभाळ होतं, पर्सिमनच्या झाडाची एक फांदी होती, आणि वर उलटा दिसणारा मुलाचा चेहरा. बाप गेला तेव्हा त्याचं तोंड सांगबोमने ओल्या कापसाने पुसलं होतं. त्याआधी कधी त्याच्या चेहऱ्याला हात लावल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने डोळे मिटले.

"पुस," तो म्हणाला.

"बोलायचं नाही, बाबा."

इनसोपने कापूस ओला केला, जास्तीचं पाणी पिळून काढलं, आणि नियमाप्रमाणे आधी डोळे आणि मग ओठ, आतून बाहेर, न घासता पुसायला सुरुवात केली.